लाल दोऱ्याचं ऑर्किड

फूल (बहुतेक जण इथेच थांबतात)

पडदा सरकला आणि सभागृहातल्या दीड-दोनशे माणसांचा एकदमच 'आ' वासला.

मंचावर दंतवैद्यांचं जांभळं ऑर्किड होतं. आठ दिवसांपूर्वी त्याच्या पानांवर काळे, ओलसर डाग होते. आज पानं अशी चकाकत होती, की त्यात बघून भांग पाडावा.

"माझंच फूल!" दंतवैद्य खुर्चीतून उठलेच. "हाच जांभळा रंग! आणि कुंडीवर ही माझ्या हातची चिठ्ठी!"

हिरव्या झग्यातले गुरुजी मंद हसले. "मी रोग मारत नाही. झाड घाबरतं, म्हणून आजारी पडतं. मी त्याच्या कानात बोलतो, पेशींना आत्मविश्वास देतो. मग रोगालाच लाज वाटते आणि तो निघून जातो."

"झाडाला कान कुठे असतो हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"श्रद्धा असेल, त्याला दिसतो."

लगेच निम्म्या सभागृहाला दिसला. टाळ्या.

तिसऱ्या रांगेत शिंपीण बसली होती. अर्ध्या शहराचे कपडे तिच्या यंत्राखालून गेलेले. शेजारी तिची नणंद, गुरुजींची स्वयंसेविका. ज्या मौनकक्षात आजारी झाडं आठ दिवस एकांतात ठेवत, त्याची किल्ली हिच्या गळ्यात. वापरायची मात्र नाही, नुसती घालायची.

"वहिनी, बघितलंस? आता तरी आण तुझं ते झाड."

शिंपिणीनं टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. हे खरं व्हायला तिलाही हवं होतं.

पान

शिवणयंत्रासमोर टाचणीनं टोचलेलं गुरुजींचं पत्रक:

*ऊर्जाजल रोज संध्याकाळी पानांच्या बेचक्यात भरावे. खिडक्या बंद ठेवाव्यात, ऊर्जा बाहेर जाते. काहीही कापू नये. शंका घेऊ नये, शंका पानांना बाधते.*

शिंपिणीनं दहा दिवस हे मुकाट्यानं पाळलं होतं. एका डागाचे चार झाले होते.

आणि झाड काही साधंसुधं नव्हतं. दोन फुलांचा संकर तिनं स्वतः काडीनं केला होता. शेंग धरली, धुळीसारखं बी प्रयोगशाळेतल्या बाटलीत रुजवून आणलं, आणि त्यातलं एकुलतं एक रोप जगलं. सहा वर्षं. आता कुठे पहिला फुलांचा दांडा निघाला होता. फूल कसलं येणार, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि पानं उरली होती तीन.

"दे गं गुरुजींना," नणंद म्हणाली. "दंतवैद्यांचं झालं, तुझं का नाही होणार? आणि माझं पोलकं झालं का?"

"झालंय, पण इस्त्रीचा डाग पडलाय बाहीवर. बाही नवी लावते."

"डाग निघेल की धुवून."

"अहो वन्सं, जळलेलं कापड धुऊन परत येतं का? मेला तो धागा. तिथं नवीनच..."

शिंपीण थांबली. उठून खिडकीतल्या जुन्या कुंडीपाशी गेली. त्या झाडाला दोन वर्षांपूर्वी हाच रोग झाला होता. झाड वाचलं, ठणठणीत झालं, वर तीन नवी पानं आली. पण खालच्या पानावर तो डाग अजून तसाच होता. तपकिरी, कोरडा, कडक.

आपलं खरचटलेलं भरून येतं. पानाचं येत नाही. झाड फार तर रोगाला तिथल्या तिथे कोंडतं आणि पुढचं पान निरोगी काढतं.

"वन्सं, मग दंतवैद्यांच्या पानावरचे डाग गेले कुठे?"

"निघून गेले. लाज वाटून."

"हं," शिंपीण म्हणाली, आणि तिनं लाल दोऱ्याचं रीळ काढलं.

मूळ

दुसऱ्या दिवशी ती दोन कुंड्या घेऊन गुरुजींपुढे उभी राहिली. एकीत डागाळलेलं पांढरं ऑर्किड, कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं तसलं. दुसरीत तिचं ते एकुलतं एक.

"याचं जुळं कुठेच मिळत नाही हो गुरुजी," ती भाबडेपणानं म्हणाली.

गुरुजींनी त्या झाडावरून हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. "हे अजून तयार नाही. याच्यात श्रद्धा कमी आहे. ते पांढरं ठेवा. फार ग्रहणशील आहे."

घरी येऊन तिनं पत्रक फाडलं आणि कात्री ज्योतीवर धरली. जास्त सडलेलं एक पान कापलं, झाड इतरांपासून लांब ठेवलं, खिडक्या उघडल्या. पाणी सकाळी, तेही मुळांना. बेचक्यात थेंब राहिला, तर कापडानं टिपायचा.

आठ दिवसांनी पुन्हा सभागृह, पुन्हा पडदा. पांढरं ऑर्किड झळाळत होतं. चिठ्ठी शिंपिणीचीच.

"झाडानं कात टाकली!" गुरुजी गरजले.

"पाया पडते," म्हणत शिंपीण मंचावर चढली. पण वाकली ती कुंडीपाशी. कुंडी उलटी केली, सालींचे तुकडे भसकन टेबलावर सांडले, आणि मुळ्या सगळ्यांसमोर लटकल्या.

"अहो बाई! झाड ध्यानात आहे!"

"राहू दे. माझ्या झाडाच्या मुळाला मी लाल दोरा बांधला होता. तीन पदरी गाठ. कुठे आहे?"

"ऊर्जेत विरघळला."

"माझी गाठ? लोकांची लग्नं उसवली, पण माझी गाठ नाही उसवली कधी."

सभागृहात हशा पिकला. आता नणंद उठली. चेहरा लालबुंद, तरातरा निघाली. शिंपिणीला वाटलं, ही आता आपल्याला खाली ओढणार. पण ती मौनकक्षाकडे गेली आणि गळ्यातली किल्ली पहिल्यांदाच कुलपाला लागली.

परत आली ती बादली घेऊन. बादलीत कोंबलेली पंधरावीस झाडं, सडका वास, आणि सगळ्यात वर एक लाल दोरा.

"हे... हे त्यांचे रोगदेह आहेत," गुरुजी म्हणाले. "झाडांनी टाकलेले."

"मग नव्या देहाला रोपवाटिकेचा स्टिकर कसा?" नणंदेनं उलटी कुंडी उचलून बूड दाखवलं. "आणि आत तसल्याच कुंड्यांचं खोकं भरलंय, गुरुजी. मी आठ दिवस त्या दारावर पहारा दिला हो!"

दंतवैद्यांनी बादलीत हात घातला आणि एक मलूल झाड बाहेर काढलं. "हे माझं. पानावर ओरखडे आहेत, मी टूथब्रशनं घासायचो." मग ओशाळून म्हणाले, "पण फूल तर अगदी तेच होतं!"

"असणारच," शिंपीण म्हणाली. "बाजारातली ऑर्किडं एकाच झाडाच्या तुकड्यांपासून बाटल्यांत हजारोंनी करतात. एका मापावर बेतलेले सदरेच ते. आपण फूल बघितलं, चिठ्ठी बघितली आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या झाडाला जोडीदार नव्हता, म्हणून त्याच्यात श्रद्धा कमी निघाली!"

"मग ताकद येते तरी कशानं?" मागचा तो कानवाला पुन्हा विचारत होता.

"त्याची त्यालाच येते. आपण फक्त आड यायचं नाही. वारा द्या, उजेड द्या, पाणी सकाळी घाला, खताचा मारा करू नका, एका झाडाची कात्री भाजल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका. आणि कुणी म्हणालं, जुना डाग नाहीसा करतो, तर झाड त्याच्या हातात देऊ नका. आधी विचारा, कसा? विचारल्यानं एकही पान गळत नाही."

तोवर हिरवा झगा मागच्या दारानं गेला होता. ऊर्जाजलाच्या बाटल्या तेवढ्या राहिल्या. त्यात नळाचं पाणी आणि थोडा गुलाबाचा वास निघाला.

नवं पान

तीन आठवड्यांनी नणंद आली. उरलेल्या दोन पानांवर डाग तसेच होते, पण वाढले नव्हते. मधून नखाएवढं, पोपटी टोक वर आलं होतं. दांड्यावर दोन कळ्या होत्या, अजून घट्ट मिटलेल्या.

"यावर डाग नाही," नणंद हळूच म्हणाली. "म्हणजे बरं झालं?"

"वर्षभर बघू, वन्सं. मग म्हणू."

शिंपीण यंत्रावर बसली. मागे वळून बघते तो काय, नणंद कुंडीपाशी वाकून काहीतरी पुटपुटत होती.

"वन्सं! पुन्हा कानात?"

"अगं, काही नाही," नणंद ओशाळली. "खिडकी उघडतेय, एवढंच सांगितलं."

आणि तिनं खरोखरच उघडली.