नैवेद्याच्या आधीची गोळी

भाकर बंद म्हनजे बंद. मी घरात सांगूनच टाकलं होतं. माह्या मालकाच्या, हेमराजच्या, पायाच्या करंगळीले जखम झाली होती अन् ते भरतच नव्हती. शुगर वाढलेली. माह्या भावाचं, गुनवंताचं, असंच करंगळीपासून सुरू झालं होतं. आज त्याले एक पाय नाई. तवा मी अतीच करून राहिली होती, हे मले कोनी शिकवू नका.

पांढुर्न्याच्या डाक्टरनं सांगतलं, पोळी, भात, आलू कमी करा. भाजी, दाळ, अंडे, दही, शेंगदाने पोटभर द्या. अर्धी भाकर चालते. अन् खानं बदललं की गोळीचंबी पाहा लागते, म्हून आठवड्यानं या. तेवढं ऐकाले माहं डोकं जाग्यावर कुठं होतं? मले गुनवंताची कुबडी दिसून राहिली होती. कमी कायले, मी सारं बंदच केलं. सकाळी अंडं, दुपारी पालकाची भाजी अन् ताक, रात्री घट्ट वरन. वाडीतले संत्रे तर त्यायच्या नजरेसमोरबी ठेवत नव्हती. शेतकरी मानूस, बिना भाकरीचं जेवन त्यायले जेवन वाटेच ना. "अव, पोटात खड्डा पडून राहिला," म्हनत. मी म्हनो, "पडू द्या. पाय तर राहीन!"

आठवडा गेला. डाक्टरकडं जानं राहून गेलं, कारन बोरगावच्या दिराकडं, रामाजीकडं, मारुतीचे रोडगे होते.

रोडग्याचं तुमाले माहीतच आहे. वावरात गवऱ्या पेटवाच्या, कनकेचे गोळे निखाऱ्यात भाजाचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी. अन् मारुतीले नैवेद्य दाखवल्याशिवाय कोनी तोंडात घास घालाचा नाई. त्या दिवशी गवऱ्या ओल्या निघाल्या. नुसता धूर. माहं सारं ध्यान आमच्यायकडं, म्हनजे मालकाकडं, हा मानूस लपून रोडगा खाते का काय! जेवाच्या आधीची गोळी मात्र मी रोजच्या वेळेवर देल्ली. गोळी चुकली नाई पायजे ना बाप्पा.

ऊन कलाले लागलं तरी नैवेद्य काही होईना. मी भाजी पाहाले उठली अन् मांघं पाहते तं हे गायब.

तशीच रामाजीच्या संत्र्याच्या झाडायमंधी घुसली. पार धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाले, बसले होते, झाडाले पाठ लावून. हातात सोललेला संत्रा.

"वा रे वा!" मी हातातला संत्राच हिसकला. "मी मरमर करून राहिली अन् तुमी इथं चोरून खाऊन राहिले? पाय कापाचा आहे का?"

ते काहीतरी पुटपुटले. जीभ जड. कपाळावरून घाम वाहून राहिला होता, भर हिवाळ्यात, अन् हात लटलट कापत होते. मले वाटलं, झाली! संत्रा खाल्ला अन् शुगर चढली. मी तो संत्रा फेकून देल्ला अन् बोंब मारली, "सुनंदा! धाव माय!"

सुनंदा म्हनजे रामाजीची बायको. तिलेबी शुगर. तिनं आमच्यायच्या कपाळाले हात लावला अन् माह्यावर वरडली, "बाई, चढली नाई, उतरली यायची! गोड द्या लवकर!"

"गोड? पागल झाली का तू?"

तिनं मले ढकललंच. कंबरेच्या पिशवीतून खडीसाखर काढली, त्यायच्या तोंडात घातली. "चावा भाऊजी. गिळा." मले म्हने, "पाहून काय राहिली? संत्रा पिळ!"

मी फेकलेला संत्रा मातीत पडला होता. दुसरा तोडला. दातानंच साल काढली अन् रस त्यायच्या तोंडात पिळला. ते घुटके घेत होते अन् मी मनात म्हनत होती, मारुतीराया, पाय घे पाहिजे तं, पन मानूस ठेव.

हळूहळू त्यायची नजर ठिकान्यावर आली. रामाजीनं गाडीत घातलं, सौंसरच्या दवाखान्यात नेलं. तिथला डाक्टर शांतपनं बोलला, तेच जास्त लागलं. खानं बदललं ते बराबर आहे म्हने, पन पोट रिकामं अन् गोळी जुनीच, तेवढीच? मंग शुगर खाली जाईन नाई तं काय! त्यानं गोळी कमी केली, अर्धी भाकर लिहून देल्ली, अन् जखमेले पट्टी करून देल्ली. जखम भरून राहिली म्हने.

परत येताना गाडीत मी इचारलं, "संत्रा तं सोलून ठेवला होता तुमी. मी तिथं यायच्या आधी खाल्ला काहून नाई?"

"खाचा जीव लय झाला होता," ते म्हनले. "पन म्हटलं, तुले इचारून खाव. उठाले गेलो तं पाय उचलेनात."

मानूस मराले लागला होता अन् माही परवानगी पाहत बसला होता.

घरी आल्यावर ज्वारीची भाकर टाकली. अर्धी मोडून भाजीसंग त्यायच्या ताटात वाढली. त्यायनं घास तोडला, तोंडाजवळ नेला, अन् थांबून माह्याकडं पाहलं.

"खाऊ ना?"