पायडलांवरचं कुंकू

या मित्रांनो, बसा. फक्त माझ्या झाकणावर बसू नका, त्याची बिजागरी निखळली आहे. मी एक जुना ऑर्गन आहे. तुळजापूरच्या एका मुलींच्या शाळेत, अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे उभा आहे. उभा म्हणायचं आपलं. माझा एक पाय वाळवीने खाल्ला, तिथे वीट लावली आहे. भाता फाटल्यामुळे मला बोलताना धाप लागते, तेव्हा थांबत थांबत सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. आगबोटीने मुंबईला उतरलो आणि एका नाटक कंपनीने मला विकत घेतलं. तेव्हा माझा थाट होता. अंगावर मखमली कापड असे, आणि पडदा वर जायच्या आधी साऱ्या थेटराचे कान माझ्याकडे लागलेले असत. पुढे बोलपट आले, कंपनीला उतरती कळा लागली आणि गावोगाव फिरता फिरता ती इथे तुळजापुरातच फुटली. नट आपापल्या घरी गेले. मी पडलो अंगाने जड, मला कोण नेणार? एका धर्मशाळेच्या पडवीत पडून राहिलो. देवीला आलेले यात्रेकरू माझ्यावर ओली धोतरं वाळत घालत.

निजामाचं राज्य गेलं आणि दोन-तीन वर्षांत गावातल्या मंडळींनी मुलींची मराठी शाळा काढली. गाण्याच्या तासाला काहीतरी वाद्य हवं होतं. नवी बाजाची पेटी घ्यायची शाळेची ऐपत नव्हती आणि मी फुकटात मिळत होतो. अशी माझी शाळेत भरती झाली.

मला वाजवायला दोन हात आणि दोन पाय लागतात. खाली दोन पायडलं आहेत. ती पायांनी आळीपाळीने दाबत राहायची, म्हणजे पोटातला भाता चालतो. मग हातांनी पट्ट्या दाबल्या की सूर निघतो. पाय थांबले की सूर मेला. गाण्याच्या शिक्षिका चारुशीलाबाई रोज सकाळी माझ्यावर प्रार्थना वाजवत. बाई कडक होत्या. त्यांच्या पायांना लय होती, पण माया नव्हती.

माझ्याच दालनात वसंतराव मास्तर इंग्रजी शिकवत. दरवर्षी एक दिवस असा येई की मास्तर फळ्यावर माझं नाव लिहीत आणि विचारत, "मुलींनो, ऑर्गन म्हणजे काय?" सगळ्या माझ्याकडे बोट दाखवत. मास्तरांना तेच हवं असे. "हा झाला एक. पण तुमचा डोळाही ऑर्गन. कान, हात, काळीज, सगळे ऑर्गन. एखाद्या पक्षाचं वर्तमानपत्र असतं, तेही त्या पक्षाचा ऑर्गन. आणि आपली तहसील कचेरी? ती सरकारचा ऑर्गन." मुली हसत. मग मास्तर आवाज खाली आणून सांगत, "शब्द जुना आहे. मूळ अर्थ साधन. ज्याच्याकडून काम होतं, तो ऑर्गन." आणि माझ्या झाकणावर टिचकी मारत.

तहसील कचेरीचं आणि माझं नाव एकच, हे ऐकून पहिल्या वर्षी मला जरा बरं वाटलं. पुढे पुढे कंटाळा आला. कुणी चार अर्थ सांगितले म्हणून काम काही हलकं होत नाही.

त्याच सुमारास शाळेत शारदा आली. लहानपणी तापात तिचा उजवा पाय गेला होता. पाय होता, पण वाळक्या काठीसारखा नुसता लोंबत असे. तिचे वडील लांब माकणी गावात शेती करत. तिथून शाळा गाठणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून तिची आई शिवकांताबाई तिला घेऊन तुळजापुरात भावाकडे राहायला आली. सकाळी लेकीला पाठीवर घेऊन यायचं, शाळा सुटेपर्यंत ओसरीत बसून वाती वळायच्या, आणि पुन्हा पाठीवर घेऊन जायचं, असा त्या माउलीचा दिवस.

शारदाचा गळा गोड होता आणि बोटं त्याहून शहाणी होती. चारुशीलाबाईंनी ते पहिल्याच महिन्यात ओळखलं. पण मला वाजवायला बसली की पंचाईत होई. एकाच पायाने भाता कसा भरणार? सूर उचकी लागल्यासारखा तुटत तुटत येई आणि मुली तोंडावर हात ठेवून हसत. शारदा रडत नसे. झाकण लावून खाली मान घालून बसे. तिचं ते बसणं मला माझ्या उचक्यांपेक्षा जास्त लागे.

मग दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडे कामाच्या वस्तू पुजतात हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत मुलींनी पुस्तकं पुजली, मला झेंडूची माळ घातली, पट्ट्यांना हळदकुंकू लावलं. शिवकांताबाई ओसरीतून आत आल्या आणि खाली वाकून त्यांनी माझ्या दोन्ही पायडलांनाही कुंकू लावलं. "काम तर हीच करत्यात की," असं पुटपुटल्या.

सुट्टी संपल्यावर चारुशीलाबाई नेहमीसारख्या बाकावर बसल्या आणि पाय पुढे केला. दारातून शिवकांताबाई म्हणाल्या, "बाई, पाय नका लावू. कुंकू हाय त्यावर."

"अहो, ह्याला पायच लावायचे असतात," बाई म्हणाल्या.

"असंल. पर नांगर पुजल्यावर त्येला कुणी वलांडून बी जात न्हाय. तुमी वाजवा, म्या दाबते."

आणि त्या खरंच माझ्या पोटाशी अंग चोरून बसल्या आणि दोन्ही हातांनी पायडलं दाबू लागल्या. मित्रांनो, मी जन्मभर पायांखाली राहिलेला. माझ्या पायडलांवर कामाला हात लागले ते त्या दिवशी पहिल्यांदा. खुरपं धरलेले, जातं ओढलेले हात होते ते. दळणाची लय असते ना, न थांबणारी, तीच लय माझ्या पोटात उतरली. बाईंना हसू आलं. हसता हसता त्या एकदम थांबल्या, उठल्या आणि म्हणाल्या, "शारदा, तू बस इथं."

त्या दिवशी शारदाच्या बोटांखाली माझा सूर एकदाही तुटला नाही.

सकाळच्या प्रार्थनेला बाई पुन्हा पायच लावत. एवढ्या मुलींसमोर रोज खाली कुणी बसायचं, असं त्यांचं म्हणणं. पण शाळा सुटली की मायलेकी बाईंकडे शिकायला येत. शिवकांताबाई आधी पदराने पायडलं पुसत, बाईंच्या वतीने माझी माफी मागत आणि मग कामाला लागत. अशी कित्येक वर्षं गेली. शारदा मॅट्रिक झाली, गाण्याच्या परीक्षाही पास झाली. तिला एकच हवं होतं. ह्याच शाळेत चारुशीलाबाईंच्या जागी बसायचं आणि स्वतःच्या कमाईचं खायचं. मामाच्या घरात तिच्या लग्नाची कुजबुज होई आणि पायावर येऊन थांबे. तिच्यासाठी मोकळा असलेला रस्ता हा एवढाच होता.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी बाई निवृत्त व्हायला निघाल्या. त्यांनी शारदाचं नाव सुचवलं. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष हिंमतराव वाईट माणूस नव्हते, पण हिशेबी होते. ते म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, न्हाय म्हणत न्हाय. पर नोकरीला माणूस सगळ्या अवयवांनी धड लागतो. पगार एकीचा, मग माणसं दोन कशी ठेवायची? आन उद्या ह्या मावशीला बरं नसलं तर?"

वसंतराव मास्तर म्हणाले, "अध्यक्षसाहेब, अवयव, म्हणजे ऑर्गन, मुळात..." हिंमतरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

ठरलं असं की शारदाने कमिटीसमोर एकटीने वाजवून दाखवायचं. त्या दिवशी शिवकांताबाईंना दाराबाहेर थांबवलं. "आज तिची परीक्षा हाय, मावशी, तुमची न्हाय," हिंमतराव म्हणाले. शारदा बसली. डाव्या पायाने तिने जीव तोडून पायडल दाबलं. मीही उरलासुरला दम गोळा केला. खोटं कशाला सांगू, जमलं नाही. दोन ओळींत चार वेळा उचकी लागली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि दालनात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"ऊठ, शारदा," चारुशीलाबाई म्हणाल्या.

शारदाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, बाई आता बरोबर कसं वाजवायचं ते दाखवणार. मलाही तेच वाटलं. बाई बाकावर बसल्या, लुगडं सावरलं आणि दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली. पट्ट्यांवर हात ठेवले. सूर कुठून येणार? सगळे वाट पाहत राहिले.

"वाजवा की, बाई," हिंमतराव म्हणाले.

"कशी वाजवू? त्यावर कुंकू आहे. ह्याला पाय लावायचा नाही."

"आवो, तुमी तर जलमभर लावत आला."

"लावत आले. शारदाची आई रोज त्याची माफी मागायची, ते मी रोज ऐकत आले. आजपासून नाही लावणार. आता मलाही वाजवता येत नाही. मग ह्या जागेला मीही नालायक का, ते कमिटीने सांगावं."

तेवढ्यात वसंतराव मास्तर उठले. धोतराचा सोगा खोचून ते माझ्यापुढे खाली बसले आणि खडूने भरलेले हात त्यांनी पायडलांवर ठेवले. पहिले दोन दाब चुकले. मग जमलं. बाईंनी एकही पट्टी दाबली नाही. त्या बाकावरून उतरल्या आणि शारदाला हाताला धरून तिथे बसवलं.

शारदाने सकाळची प्रार्थना वाजवली. मास्तरांची लय शिवकांताबाईंसारखी नव्हती, पण बोटांनी ती सांभाळून घेतली.

हिंमतरावांनी विचारलं, "मास्तर, रोज तुमी बसणार का?"

"वर्गभर मुली आहेत. प्रत्येकीला दोन हात आहेत," मास्तर म्हणाले.

नेमणूक झाली. बाहेर शिवकांताबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. रिकामे हात पदरात गुंडाळलेले. बाई त्यांच्याजवळ गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं खाली बसून ऐकलं, बाई. भात्याच्या घरघरीत निम्मं कळायचं न्हाय. माजी लेक एवढं चांगलं वाजविती, म्हाईतच नव्हतं मला."

त्यानंतर शाळेत रिवाजच पडला. मला कुणी पाय लावायचा नाही. पायडलं दाबायला मुलींच्या पाळ्या लागत आणि पाळीवरून भांडणं होत. माझे ते दिवस सुखाचे गेले.

पण लाकूड ते लाकूड. भाता विरला, सुरांच्या पितळी पात्यांना गंज चढला. परवा परवा शाळेने बाजाची पेटी घेतली. एका हाताने भाता मारायचा, दुसऱ्याने वाजवायचं. शारदाबाईंना आता कुणाची गरज लागत नाही. चांगलं झालं, हे मी मनापासून म्हणतो, आणि म्हणताना वाईटही वाटतं. वसंतराव मास्तर अजून तो धडा शिकवतात, फक्त दाखवायला मी तिथे नसतो. ज्याच्याकडून काम होतं तो ऑर्गन. माझ्याकडून होत नाही. मग आता मला काय म्हणायचं, ते एकदा मास्तरांना विचारायचं आहे.

तरीही खंडेनवमीला मायलेकी येतात. शिवकांताबाईंचे गुडघे धरले आहेत, त्यांना आता वाकता येत नाही. कुबडीवर चालणारी लंगडी लेकच आईला हाताला धरून आणते. आई उभ्याने सांगते आणि लेक खाली बसून कुंकू लावते.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. फार दमलो आहे. काल शिपाई बाकं ठेवायला आला आणि त्याने मला पायाने कोपऱ्यात सारलं. त्याचा दोष नाही, हात गुंतले होते त्याचे. पण तुम्ही मला सरकवाल तेव्हा आधी खाली वाकून बघा. ह्या वर्षीचं कुंकू अजून लाल आहे. मला हाताने सरकवा.