आखाजीचं पाडस

आमच्या कोसाडच्या चाळीत गाय पाळणारा वेडा मी एकटाच. दिवसभर कापडाच्या कारखान्यात लूमचा खडखडाट ऐकायचा आणि घरी येऊन कपिलेच्या पाठीवरून हात फिरवायचा, की डोकं ताळ्यावर. त्या वर्षी कपिला गाभण होती, दिवस भरत आले होते. म्हणून माझी बायको रंजना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी झोके खेळायला गेली नाही. खानदेशच्या बाईची आखाजी चुकली की घरात भांडी जरा जोरातच आपटतात.

शेवटी मेहुणा गजेंद्रच तळोद्याहून आला. काखेत चितळाचं पाडस!

"ताई, तू आखाजीले ऊनी नही, मंग मीच माहेर लई उनू!"

रानात एकटं सापडलं म्हणे. रंजना हरखून गेली. माहेरची भेट दाराबाहेर कशी ठेवायची? ती पाडसाला थेट कपिलेच्या गव्हाणीकडे घेऊन निघाली.

शेजारच्या अनुसयाबाई चंद्रपूरकडच्या, जंगलाकाठच्या. धुणं टाकून धावत आल्या.

"थांब! त्याची लाळ पाह्य! गाईजवळ नेऊ नको त्याले!"

रंजना थांबेना. मग बाईंनी घरातला जाड दोर आणून कपिलेच्या गळ्यात घातला आणि तिला सरळ आपल्या अंगणात ओढून नेलं.

"मन्ही गाय सोडा!" रंजना किंचाळली. माहेरच्या भेटीला नावं ठेवली आणि वर गाय पळवली! तिनं बाईंशी बोलणंच टाकलं.

मला मात्र बाईंनी सांगितलं, "आमच्या गावात हरणं गुरांच्या तळ्यावर येत. एका उन्हाळ्यात गुरांची तोंडं फुटली, खुरं सडली, गोठा रिकामा झाला. हरणांच्या गोचिडांनी माणसंही तापली. त्याले हात लावला तर आंघोळ केल्याबिगर इकडं येऊ नको, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पाडस लंगडू लागलं, जिभेवर फोड आले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "लाळ्या-खुरकूत. गाभण गाईला लागलं असतं तर वासरू हाती लागलं नसतं." पाडस जंगलखात्याच्या माणसांनी नेलं. रंजना त्याच्यासाठीही रडली.

कपिला अनुसयाबाईंच्या अंगणातच व्याली. कालवड! पहिल्या चिकाचा खरवस घेऊन रंजना त्यांच्या दारात गेली आणि वाकून पाया पडली. बाईंनी तिला पोटाशी धरलं. त्या माउलीचे उपकार कुठल्या जन्मी फिटायचे?

पुढच्या आखाजीला गजेंद्र बहिणीला न्यायला आला.

"यंदा नही," रंजना अनुसयाबाईंच्या दाराकडे बोट दाखवत म्हणाली. "मन्हं माहेर आठेच शे."

अनुसयाबाईंनी त्याच दोराचा झोका अंगणातल्या निंबाला बांधून ठेवला होता.