अर्धं वाक्य

"सिस्टर, बस एक मिनट. मरते वक्त कुछ बोला था?"

शरयूनं हातांवरचं रक्त अजून धुतलंही नव्हतं, तोवर माइक हनुवटीशी आला. इंदरगंज चौकात दोन पक्षांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या, दगड उडाले आणि एक दगड समरजीत नावाच्या कार्यकर्त्याच्या कानशिलावर बसला. मारला कुणी, हे कुणालाच दिसलं नव्हतं. इस्पितळाच्या खाटेवर, शरयूचा हात धरून तो गेला.

"नाम लिया था," ती म्हणाली. "अपनी बच्ची का. बोला, अंतरा को क्लास से लाना है."

इतक्या वर्षांच्या नोकरीत कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. आपण नीट दिसलो असू का, असं मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

घरी नवरा, मधु, टीव्हीसमोर उभाच होता. पडद्यावर शरयू म्हणत होती, "नाम लिया था." एवढंच. पुन्हा पुन्हा. खाली लाल पट्टी धावत होती: 'नर्स का खुलासा, मरने से पहले लिया कातिल का नाम!' मग समरजीतच्या पक्षाचे आमदार दिसले. त्यांनी ते नावही सांगून टाकलं: दौलतसिंह. दुसऱ्या वाहिनीवर दुसऱ्या पक्षाचा प्रवक्ता ओरडत होता, नर्स बिकी हुई है.

दौलतसिंह त्या दुसऱ्या पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष. खासगी बाजार मोहल्ल्यात, शरयूच्याच गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान आणि वर घर.

"मी असं बोललेच नाही रे!"

"मला माहीत आहे. त्या वार्ताहराला फोन लाव."

वार्ताहरानं फोन उचलला. "मैडम, काट-छाँट ऊपर से होती है. अब तो चल गया."

शरयूनं चपला पायात सरकवल्या. "दौलतसिंहकाकांना सांगून येते."

"आधी खाली बघ," मधु म्हणाला.

ती खिडकीत गेली. भर संध्याकाळी गल्ली गप्प होती. एकामागून एक शटर खाली येत होतं. कोपऱ्यावर अनोळखी माणसं मोटारसायकली बंद करून नुसती उभी होती. त्यातल्या एकानं वर पाहिलं, तिला ओळखलं आणि आदरानं हात जोडले.

शरयू खिडकीतून मागे सरली. तिनं दौलतसिंहांना फोन लावला. तो लागला नाही. चपला तिच्या पायातच राहिल्या, पण जिना काही ती उतरली नाही.

सकाळी ती ड्यूटीवर गेली, तर दौलतसिंह तिच्याच वॉर्डात. रात्री कुणीतरी पेटवलेलं दुकान विझवताना दोन्ही हात भाजलेले. बाहेरच्या टीव्हीवर आमदार सांगत होते, सहानुभूतीसाठी त्यांनी दुकान स्वतःच पेटवलं.

ट्रे घेऊन शरयू वाकली. उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी तिचं मनगट बाजूला सारलं.

"हात लावू नकोस त्यांना."

"काकू, मी समरजीतच्या मुलीचं नाव सांगितलं होतं. टीव्हीवाल्यांनी पुढचं कापलं."

"असेल," विजयाबाई म्हणाल्या. "तू खोटं बोलणारी नाहीस. पण काल तू खिडकीत होतीस, शरयू. मी पाहिलं तुला. आमच्या दारात नाही आलीस."

शरयूनं ट्रे शिखा सिस्टरच्या हाती दिला. सलाइनचा स्टँड डुगडुगत होता. तो धरून, पट्ट्या पुऱ्या होईपर्यंत ती उभी राहिली. विजयाबाईंनी तिला जा म्हटलं नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही.