धनश्रीला कुणाकडे ठेवायचं

कारखान्यात कामावर आलेल्या नव्या बाईला मशीन दाखवताना सुपरवायझर राधाकृष्ण तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि ती काय करते ते बघायचा. पुष्पावतीने त्याच्या हातावर टेपचा रोल आपटला होता. राजेश्वरीने काहीच केलं नाही. ती मान खाली घालून तशीच उभी राहिली. त्याला हवं ते कळलं.

महिनाभराने त्याने तिला खोकी काढायला म्हणून स्टोअरमध्ये बोलावलं आणि आतून कडी लावली.

ती आणि पुष्पावती कारखान्याजवळ नागापूरला एकाच खोलीत राहायच्या. त्या दुपारी ती पुष्पावतीला कारखान्याच्या नळावर सापडली. साबणाने मान घासून घासून लाल केली होती.

"राजी, काय झालं? कुणी केलं?"

तिने सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं.

"अगं, आम्ही भिंतीपल्याडच हुतो. ओरडली का न्हाईस?"

"आवाजच निघत न्हाई. अंग गार पडतं माझं. लहानपणापासून तसंच हाय."

"लहानपणापासून? म्हंजी आधी कोण हुतं?"

बाविसाव्या वर्षी राजेश्वरीने पहिल्यांदा परक्या माणसापुढे कल्याणनानाचं नाव घेतलं.

कल्याणनाना तिचा सख्खा चुलता. दिवाळी झाली की तिचे आईबाप कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे आणि पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात ती नानाच्या घरी राहायची. शाळा बुडू नये म्हणून. चुलती रानात गेली की नाना दार लावायचा. पहिल्या वेळी ती ओरडली, तेव्हा त्याने तोंडावर उशी दाबली. आईबाप परत आल्यावर तिने आईला सांगितलं. लंकाबाईने तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले आणि म्हणाली, "कुणाला बोलू नको. नाव तुझंच जाईल." पुढच्या दिवाळीत तिला पुन्हा तिथेच ठेवलं. मग तिने ओरडणं सोडून दिलं. भिंतीकडे बघत पडून राहायला शिकली.

पुष्पावती तिला घेऊन कारखान्याच्या महिला तक्रार समितीकडे गेली. ओरडली का नाहीस, हेच समितीतल्या मॅडमनीही विचारलं, आणि शेजारचे साहेब म्हणाले, "झटापटीची एकही खूण नाही. मग जबरदस्ती कशी म्हणायची?" पुढची तारीख मिळाली. राजेश्वरीने आईला बोलावून घेतलं.

लंकाबाई एसटीने आली. येताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. राजेश्वरीने सगळं सांगितल्यावर ती पदराचं टोक पिळत बसली.

"आई, तू एवढंच सांग त्यांना. नानाचं तुला म्हाईत हुतं, एवढंच."

"ते आता कशाला उकरायचं? तुझं लगीन व्हायचंय अजून."

"म्हाईत असून तू मला परत तिथंच ठेवलंस."

"मग कुठं ठेवायची हुती?" लंकाबाईचा आवाज चढला. "उसाच्या फडात? पाचटाच्या कोपीला दार तरी असतंय का? तिथं माझ्यावर काय बेतलं ते मी कुणाला सांगितलं? तुझ्या बापाला बी न्हाई."

लंकाबाईने डोळे पुसले आणि रोजच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. "औंदा आदिनाथ आन् सून बी तोडीच्या टोळीत चाललेत. माझे गुडघे गेलेत, तरी स्वैपाकाला मी लागतेच. धनश्रीला नानाकडंच ठेवणार हाय."

धनश्री आदिनाथची, म्हणजे राजेश्वरीच्या भावाची पोर. यंदा तिसरीत होती.

"आई, तू हे बोलतीस?"

संध्याकाळच्या गाडीने लंकाबाई परत गेली. समितीपुढे आली नाही.

राजेश्वरी एकटीच गेली. लहानपणी काय झालं ते मॅडमना सांगितलं. म्हणाली, "तवापासून कुणी अंगावर आलं की मी दगड होते. म्हणून ओरडले न्हाई. मला ते चालत हुतं म्हणून न्हवं."

"त्याचा इथे काय संबंध?" साहेब म्हणाले. मॅडम मात्र लिहीत राहिल्या.

समितीच्या निकालात पुरावा अपुरा ठरला. राधाकृष्णची दुसऱ्या युनिटला बदली झाली. तिथेही बायका कामाला होत्या. राजेश्वरीने पोलिसांत फिर्याद दिली, तेव्हा कारखान्याने तिला कामावरून काढलं. केस अजून उभी आहे.

टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी ती गावी गेली. धनश्रीचं दप्तर नानाच्या ओसरीवर येऊन पडलं होतं. नाना खाटेवर बसला होता, म्हातारा, पांढऱ्या मिशांचा. त्याला बघताच तिचं अंग गार पडलं. तिने दप्तर उचललं, तिथेच उभ्या असलेल्या धनश्रीचा हात धरला आणि त्याच्यासमोरून चालू लागली.

आदिनाथ वाटेत आडवा आला. "पोरगी कुठं नेतीस? येड लागलं का तुला?"

"माझ्यापाशी राहील. कारण आईला इचार."

आदिनाथने आईकडे बघितलं. लंकाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "नेऊ दे तिला."

धनश्रीला नागापूरच्या शाळेत घातलं. राजेश्वरी आता एका खानावळीत पोळ्या लाटते. आदिनाथ तिच्याशी बोलत नाही. नाना गावात आहे आणि लोक त्याला रामराम घालतात. भरल्या रिक्षात कुणाचं कोपर लागलं की राजेश्वरी अजूनही गार पडते. म्हणून पुष्पावती मधे बसते.

लंकाबाईचा फडावरून फोन येतो. ती फक्त विचारते, "पोरगी खाती का नीट?"

"खाते."

त्यानंतरही लंकाबाई फोन ठेवत नाही.