रिंग जात होती

दीपालीला मुलगी झाली आणि तिचं नाव सुजाता ठेवलं, ते साल दोन हजार अठराचं. त्याच साली जुलैत अभय बाणेरच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. मोबाईलचं नेटवर्क उभारायचं आणि सांभाळायचं, हे त्या कंपनीचं काम.

दीपाली म्हणजे त्याच्या ललिताआत्याची मुलगी. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं अभय आत्याकडेच राहून शिकला. मंगळवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर यायला लिफ्ट नाही. आत्या शाळेतून निवृत्त झालेली. तिचे यजमान धोंडिबा खडकीच्या कारखान्यातून. अभय त्यांना मामा म्हणायचा. नोकरी लागली तसा अभय कोथरूडला मित्रांच्या फ्लॅटवर गेला आणि आत्याचा रोज संध्याकाळी फोन यायला लागला.

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

"पोळीभाजी."

"भाजी कसली?"

जन्मभर मास्तरकी केलेली बाई. पूर्ण उत्तर आल्याशिवाय ती पोराला खाली बसू देत नसे.

कंपनीत पहिल्या आठवड्यात शौनक सरांनी पोरांना फळ्यापुढे बसवलंच नाही. हॉलमधल्या खुर्च्या बाजूला सारायला लावल्या आणि सहा जणांना जागोजागी उभं केलं. "हे सहा टॉवर," ते म्हणाले. "शहर मोठं, एका टॉवरच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ते वाटून घ्यायचं. प्रत्येकानं आपला तुकडा राखायचा." मग अभयला पुढे बोलावलं. "हा फोन. चल, चालायला लाग."

अभय चालू लागला. एका टॉवरनं त्याचा हात धरला. दुसऱ्याजवळ आला तसा दुसऱ्यानं धरला, मग पहिल्यानं सोडला. "आधी धरायचं, मग सोडायचं," सर म्हणाले. "मध्ये हात सुटला की बोलणं तुटलं." मग त्यांनी सगळ्या टॉवरांना एकदम हाक मारायला लावली, "अभय! अभय!" आणि फोननं जिथे असेल तिथून ओ द्यायची. "ओ आली, तरच पलीकडच्याच्या कानात रिंग वाजते. रिंग वाजली म्हणजे फोन सापडला. पक्कं ध्यानात ठेवा."

अभयला हे सगळं फार आवडलं. आपण काही मोठं शिकतोय असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

ऑक्टोबरात त्याला ड्राइव्ह टेस्टला नेलं. म्हणजे गाडीत चार-पाच फोन लावायचे, लॅपटॉप जोडायचा आणि रस्तोरस्ती फिरून कुठे किती रेंज येते ते मोजत जायचं. पुढे टीमच्या प्रमुख सलोनी मॅडम, मागे बरोबरीचा अर्णव आणि अभय. दोघंही फाडफाड इंग्रजीत बोलणारी. अभय वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. कर्वे पुतळ्यापाशी त्याचा स्वतःचा फोन वाजला. आत्या. आता ह्या दोघांसमोर "हो, भात होता" असं सांगायचं? त्यानं फोन कापला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा अर्णव हसून म्हणाला, "गर्लफ्रेंड का रे?" अभयही हसला आणि त्यानं तोही कापला.

समोर लॅपटॉपवर रेंजच्या हिरव्या रेषा भरभरून धावत होत्या. त्या घडीला अख्ख्या पुण्यात त्याच्याइतकी रेंज कुणाकडे नसेल.

तिकडे मंगळवार पेठेत मामा मोरीत घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. आत्याला ते उचलेनात. शेजाऱ्यांना आयुष्यात कधी कशासाठी हाक न मारलेली बाई. आपला पोरगा आहे, त्याला कळलं की येईल, म्हणून ती फोन हातात धरून तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं मामांचं कण्हणं भिंतीपलीकडे ऐकू गेलं, तेव्हा शेजारचा रतन धावत आला. त्यानं आणि खालच्या दुकानदारानं मामांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले.

अभयनं फोन केला तो घरी पोचल्यावर, जेवण झाल्यावर. आत्या दवाखान्यात होती.

"आत्या, रेंज नव्हती गं."

"रिंग जात होती रे."

"ते तसंच वाजतं. टॉवरचं असतं ते."

"असेल बाबा. तू शिकलेला." तिनं विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, वाटलासुद्धा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आपणहून सांगायची, "अभयला तीनदा लावला होता हो. पण रेंजच नव्हती तिकडे. नाहीतर उडत आला असता पोरगा." अभय उशाशी उभा राहून हे ऐकायचा आणि मामांच्या चादरीच्या सुरकुत्या काढायचा.

मामा घरी आले ते वॉकर घेऊन. डिसेंबरात नातीचं नाव ठेवायचं ठरलं. घराजवळच्या विहारात त्रिशरण-पंचशील झालं, पेढे वाटले गेले आणि जेवणानंतर मंडळी सतरंजीवर पसरली. तेव्हा आत्याचे धाकटे दीर शंभूकाका म्हणाले, "काय इंजिनिअर, हे मोबाईलचं चालतं कसं, ते तरी सांगा आम्हा अडाण्यांना."

अभय खुलला. हॉलमध्ये केलं होतं तसंच त्यानं इथे केलं. शंभूकाकांना एका कोपऱ्यात उभं केलं, दीपालीच्या नवऱ्याला दाराशी, दोन चुलत्यांना खिडकीकडे. सगळे टॉवर. स्वतः फोन होऊन तो सतरंजीवरून चालला आणि माणसं हसत हसत त्याचा हात धरू-सोडू लागली. मामा वॉकर बाजूला ठेवून बसल्या जागी टाळ्या वाजवत होते. "आता हाक मारा!" सगळ्यांनी हाक मारली. "ओ!" अभय म्हणाला. "बघा, आता कानात रिंग वाजली. रिंग वाजली म्हणजे फोन सापडला. रेंज नसेल तर रिंग वाजतच नाही, सरळ ती बाई सांगते, क्षेत्राबाहेर आहे म्हणून."

आत्या बाळाला मांडीवर घेऊन कौतुकानं बघत होती. वर्गात पोरं विचारतात तसं तिनं खरंच समजून घ्यायला विचारलं, "आणि रिंग दोनदा वाजली, मग बाई म्हणाली, व्यस्त आहे, तर?"

"मग त्यानं स्वतः कापला," अभय म्हणाला.

जीभ थांबली तेव्हा उशीर झाला होता.

दारातला टॉवर हळूच खाली बसला. शंभूकाका कोपऱ्यातूनच म्हणाले, "वा. शिक्षण वाया गेलं नाही हो वहिनी. पोरगं खरं बोलायला शिकलं." दीपालीनं अभयकडे एकदा पाहिलं आणि आईच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं. आत्या रिकाम्या मांडीकडे बघत राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. इतके दिवस गावभर जे सांगत फिरली, ते तिच्याच माणसांसमोर उघडं पडलं होतं. लाज अभयला वाटायला हवी होती, ती आधी तिला वाटली. हे त्याला दिसलं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या रविवारी तो मंगळवार पेठेत गेला. जिन्यावर दोनदा थांबला. दार मामांनी उघडलं.

"या. टॉवर चालत आला वाटतं दारात."

आत्या तांदूळ निवडत होती. अभय तिच्यासमोर खाली बसला. "आत्या, त्या दिवशी मी—"

"त्या दिवशी रेंज नव्हती," आत्या म्हणाली.

"नाही आत्या, मीच—"

"मी रतनला तसं सांगितलंय. डॉक्टरांना सांगितलंय. गावाकडे तुझ्या आईला सांगितलंय. आता ह्या वयात मला खोटं पाडू नकोस." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "चहा घेणार का?"

त्यानं चहा घेतला. माफी तोंडातच राहिली. ऐकून घ्यायलाच कुणी नसेल तर ती मागायची कुणाकडे?

त्या दिवसापासून आत्याचा फोन येणं बंद झालं. अभय रोज करायचा. ती लगेच उचलायची आणि म्हणायची, "बोला." ज्या बाईनं त्याला कधी अरेतुरेशिवाय हाक मारली नाही, ती "बोला" म्हणायची. जेवण विचारायची नाही. त्यानं विचारलं तर "झालं" एवढंच. फोन ठेवला की त्याला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

तिनं आपणहून एकदा फोन करावा, एवढंच त्याला हवं होतं. फोनचा आवाज तो कधी बंद करीना. मीटिंगमध्ये कुणा भलत्याचा फोन खणखणायचा आणि सलोनी मॅडम बोलायच्या. तो ऐकून घ्यायचा, आवाज मात्र कमी करायचा नाही. ट्रेनिंग संपलं, तो कायम झाला. आता नव्या पोरांना तोच हॉलमध्ये उभं करायचा. हात धरायला, सोडायला शिकवायचा. "रिंग वाजली म्हणजे" या वाक्यापाशी आला की तो खिडकीकडे बघत बोलायचा.

वर्ष उलटून गेलं. एका रविवारी सकाळी तो दाढी करत होता आणि फोन वाजला. आत्याचं नाव. फेसाच्या हातानंच त्यानं उचलला.

"आत्या!"

"मामा उठत नाहीत रे," ती म्हणाली. "ये."

तो गेला. अर्ध्या गालाला फेस वाळलेला, पायात दोन निरनिराळ्या चपला. रतन आधीच आला होता, डॉक्टर येऊन गेले होते. थोड्या वेळानं शंभूकाका आले आणि दारातूनच विचारते झाले, "कुणाकुणाला कळवलंत वहिनी?"

"अभयला केला," आत्या म्हणाली. "उचलला."

शंभूकाका चपला काढून भिंतीशी बसले. अभय मामांच्या पायथ्याशी बसला होता. त्याला मान वर करवली नाही. मामांना खाली न्यायची वेळ झाली तेव्हा पुढचा खांदा त्यानं धरला आणि तीनही जिने कुणाला बदलू दिला नाही.

धोंडिबा ९ फेब्रुवारी २०२० रोजी, रविवारी सकाळी, मंगळवार पेठेतल्या राहत्या घरी झोपेत वारले. वय चौऱ्याहत्तर होतं.