माहेरी निघालेली मगर

मी पिपरोलच्या तळ्यातील मगर आहे. प्रारंभीच एक चूक दुरुस्त करते: मला सुसर म्हणू नये. सुसर निराळी. तिचे तोंड चिमट्यासारखे लांब व अरुंद असते आणि ती वाहत्या नदीत राहते. माझे तोंड रुंद आहे आणि माझे सारे आयुष्य एका तळ्यात गेले आहे. शब्द नेमका असावा, एवढा आग्रह माझ्या वयाला शोभतो.

ते वय किती, हे मला सांगता येणार नाही. पिपरोलच्या घाटावर कपडे धुणारी डाहीबेन नवी सून म्हणून प्रथम तेथे आली, त्या वेळी मी तिच्या हाताएवढी होते. आज तिच्या डोक्यावर कापूस पिकला आहे आणि गाव मला 'डोशीमा', म्हणजे म्हातारी आई, म्हणते. मी घाटापासून दहा हातांवर ऊन खात पडते. बायका धुणे आपटतात आणि आपापल्या सुनांविषयी बोलतात. इतक्या वर्षांत मी कोणाच्या पायाला तोंड लावलेले नाही आणि त्यांनीही माझ्यावर दगड टाकलेला नाही. माझ्या शेपटीवरील करवतीचे तीन दाते तुटलेले आहेत, परंतु ती तरुणपणी एका नराशी झालेल्या भांडणाची खूण आहे. माणसांचा तीत दोष नाही.

तळ्याचा उत्तरेकडील तट माझा. तो मातीचा, उताराचा आणि उन्हाकडे तोंड केलेला आहे. गेल्या वर्षी फाल्गुनात तेथे खड्डा करून मी अठ्ठावीस अंडी घातली आणि वर माती ओढली. अंडी उबवण्याचे काम ऊन करते. आईने राखण करायची. पुढे एक काम मात्र आईवाचून अडते. पिले पूर्ण वाढली की जमिनीखालूनच हाका मारू लागतात. तोवर वैशाखाच्या उन्हाने वरची माती विटेसारखी झालेली असते. ती त्यांना फोडता येत नाही. हाक ऐकून आईने उकरावे लागते, आणि तेही वेळेवर. आई न आल्यास काय होते, ते मी लिहीत नाही.

त्याच वर्षी पंचायतीने तळे खोल करण्याचे ठरवले. निर्णय उत्तम होता. पाणी सोडून देण्यात आले, यंत्रे आली आणि दक्षिणेकडून गाळ काढणे सुरू झाले. त्याच दक्षिणेच्या तटातील माझे भुयार यंत्राच्या दातांनी पहिल्याच दिवशी फोडले. मी घरट्याशेजारी उघड्यावर पडून राहिले. पाच दिवसांत तळ्यात भांडे बुडेल एवढेही पाणी उरले नाही आणि माझी कातडी तडकू लागली. दिवस मोजून पाहिले. हाका येण्यास अजून चार-पाच दिवस होते. कालव्यात एक बुडी मारून उजाडण्यापूर्वी परतावे, अशा हिशेबाने मी संध्याकाळी निघाले.

कालवा दुरुस्तीसाठी कोरडा ठेवलेला होता. आणखी थोडे पुढे पाणी असेल, आणखी थोडे पुढे, असे करता करता सूर्य वर आला आणि मी परक्या गावात पोहोचले होते. त्या गावाचे नाव उमरधरा. समोर तंबाखूचे एक खळे दिसले. कोपऱ्यात ओल्या गोण्यांचा ढीग होता. मी त्याखाली शिरले. ही माझी दुसरी चूक. पहिली, निघाले ती.

सकाळी त्या घरची सून गोणी उचलायला आली आणि तिने ती उचलताच पुन्हा खाली टाकली.

"बा! अहो बा! गोण्यांखाली काहीतरी आहे!"

"मांजर व्यालं असेल," घरातून बाचा, म्हणजे तिच्या सासूचा, जडावबेनचा, आवाज आला.

"मांजराला एवढी शेपूट असते होय?"

सून पळाली नाही. तिने खाली वाकून माझ्या शेपटीकडे पाहिले, बोट न लावता काही मोजले आणि एकदम ओरडली, "तीन दाते तुटलेत! बा, ही तर डोशीमा! माझ्या माहेरची!"

मीही तिला ओळखले. ती कोकिला, डाहीबेनची मुलगी. घाटावर रांगत असे तेव्हा डाहीबेन तिचा पाय दोरीने दगडाला बांधून ठेवी.

दारात आलेल्या जडावबेनने कपाळावर हात मारला. "तुझ्या माहेरचं माणूस कधी कळवून आलंय? आणि आलं ते सरळ आडवंच झालं!"

तेवढ्यात कोकिलाचे सासरे फुलाभाई आले. कोकिलाने पदर कपाळाखाली ओढला आणि ती गप्प झाली. त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. काही सांगायचे असल्यास ती सासूला सांगते आणि सासू, इच्छा झाल्यास, पुढे पोहोचवते.

फुलाभाई हे गावातील खोडियार मातेच्या मंदिराचे प्रमुख. मातेचे वाहन मगर. मंदिर दोन वर्षांपूर्वी नवे बांधले होते, परंतु उमरधऱ्याच्या तळ्यात मगर नव्हती, आणि शेजारची गावे त्यावरून त्यांना टोचून बोलत असत. मला पाहताच त्यांनी पायांतील वहाणा काढल्या.

"माता स्वतःच्या पायांनी आली," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

त्यानंतर जे झाले, ते सर्व भक्तीने झाले, म्हणून त्याविषयी कठोर शब्द वापरणे मला योग्य वाटत नाही. माझे तोंड मऊ दोरीने बांधले. हातगाडीवरून मला मंदिरामागील सिमेंटच्या हौदात नेऊन सोडले. कपाळावर कुंकू लावले, पाठीवर लाल चुनडी घातली, नारळ फोडला. मग तोंडाची दोरी सोडून नाकासमोर गूळ-तुपाची सुखडी ठेवली. पाणी थंड होते. एका परीने मला हवे होते ते मिळाले होते.

परंतु हौदाच्या भिंती सरळ व गुळगुळीत होत्या. चार पावले गेले की भिंत. वळून दोन पावले गेले की भिंत. मी दिवसभर फिरले. लोकांना वाटले, माता प्रसन्न होऊन प्रदक्षिणा घालते आहे. ते टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे भीखुभाई आले. पोट सुटलेला, भला गृहस्थ. त्यांनी पिंजरा आणला होता.

"फुलाकाका, हिला मोठ्या धरणात सोडतो. तिथं पाणीच पाणी. सुखात राहील."

"देवीनं पाठवलेली चीज तू धरणात टाकणार? रविवारची आरती होऊ दे, मग बोलू."

"रविवारला अजून चार दिवस आहेत, काका!"

"मग चार दिवसांनी ये. जेवून जा."

दोघेही माझे भले करण्यासाठी भांडत होते. दोघांच्या बोलण्यात पिपरोलचे नाव एकदाही आले नाही. कोकिला खांबाआड उभी होती. तिने सासूच्या कानात काही सांगितले. जडावबेन म्हणाली, "माहेर, माहेर! तुझ्या माहेराला मगर नाही मिळाली तर काय जेवण जाणार नाही का त्यांना?" आणि निरोप तेथेच थांबला.

त्या रात्री मी भिंतीवर चढण्याचा अकरा वेळा प्रयत्न केला. माझ्या पुढच्या पायाची दोन नखे गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आरतीच्या मांडवाची मापे घेण्यासाठी फुलाभाई, पुन्हा विचारायला आलेले भीखुभाई आणि आणखी काही मंडळी हौदाशी जमली होती. कोकिला माझ्या पाठीवर पाणी ओतण्यास आली. तिच्या हातात फोन होता आणि तिची आई पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होती, की फोनची आवश्यकताच नव्हती.

"अगं, मी उत्तरेच्या तटावरच आहे! कान लावला मातीला. बोलतायत गं मेली! खालून बोलतायत! सकाळी जोरात होतं, आता मधूनच एखादं."

"आई, फोन खाली ठेव. मातीवर ठेव."

आणि कोकिलाने आपला फोन हौदाच्या कडेवर ठेवला.

प्रथम नुसती खरखर आली. मग, त्या तळहाताएवढ्या डबीतून, माझी पिले बोलली. नाकातून काढल्यासारखा, बेडकाच्या आवाजाहून बारीक असा तो आवाज आहे. मी तो आयुष्यात वीस वर्षे ऐकला आहे आणि तो ऐकल्यावर मी कधीही दूर राहिलेले नाही. मी भिंतीवर आदळले. पुन्हा आदळले. चुनडी फाटली. मांडववाले मागे पळाले. माझ्या तोंडाचे रक्त सिमेंटवर लागलेले सर्वांनी पाहिले, आणि फोनमधून हाक येत राहिली.

तेव्हा कोकिला बोलली. सासऱ्याकडे पाठ, डोक्यावर पदर, दृष्टी माझ्याकडे. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण मी घाटावर पुष्कळदा ऐकली होती. त्या दिवशी सून मगरीला बोलली.

"डोशीमा, तू कशाला डोकं फोडून घेतेस? इथं तुझं काय कमी आहे? चुनडी आहे, सुखडी आहे. पोरं काय, जमिनीखाली आहेत, राहतील! तुला माता म्हणतात ना हे लोक? मग आई कशाला व्हायला जातेस?"

तिने उरलेले पाणी माझ्या पाठीवर ओतले.

"आणि एक सांगू, डोशीमा? माझ्या वेळी सातव्या महिन्यात या घरानं माझी ओटी भरली. पाऊस होता तरी गाडी जुंपून मला माहेरी पोहोचवलं. बाळंतपणाला निघालेल्या बाईला या घरानं कधी अडवलं नाही, असं मी माहेरी सगळ्यांना सांगते. आता काय सांगू, तेवढं तू मला सांग."

फुलाभाईंनी हातातील मापाची फीत गुंडाळली. मग, सुनेकडे न पाहता, पत्नीला म्हणाले, "जडाव, वहूला म्हणावं, नारळ काढ. बाई माहेरी निघाली आहे. रिकाम्या पदरानं जायची नाही."

"आणि मी काय करू?" भीखुभाई म्हणाले. "माझा कागद धरणाचा आहे!"

"कागदच आहे ना? मग दुसरा लिही. माझा ट्रॅक्टर घे. बोलत काय बसलायस!"

पाऊण तासाचा रस्ता. ओल्या गोण्यांत गुंडाळलेली, दोरांनी बांधलेली मी ट्रॉलीत पडले होते आणि प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, आता आवाज थांबला असेल. फोन बंद झाला होता.

पिपरोलला डाहीबेनने आरडाओरडा करून पंचायतीला विहिरीचा पंप चालू करायला लावला होता. तटाखाली एक डबके साचले होते. ती स्वतः मात्र घरट्यावर होती. तिच्या हातात खुरपे होते आणि शेजारी धुण्याचे तगारे, म्हणजे पसरट घमेले. हाका मंदावल्यावर तिला धीर धरवला नव्हता. तिने माती फोडली होती. तगाऱ्यात अकरा पिले वळवळत होती.

भीखुभाईंनी दोर कापले. डाहीबेन आणि मी यांच्यामध्ये सहा हात जमीन होती, आणि ती माझ्या घरट्यावर बसलेली होती.

"काकी, पाठ दाखवू नका. सावकाश मागं या," भीखुभाई कुजबुजले.

"गप रे. ती मला ओळखते," डाहीबेन म्हणाली. परंतु तिने खुरपे हातातून सोडले नाही. तिने तगारे माझ्याकडे सरकवले आणि बसल्या बसल्याच ती मागे सरकू लागली.

मला खरे सांगितले पाहिजे. माझे तोंड उघडलेले होते. त्या क्षणी मी काय करणार होते, ते मला आजही ठाऊक नाही. तेवढ्यात मातीखालून एक हाक आली, आणि मी उकरू लागले.

आणखी आठ निघाली. एकेकाला तोंडात धरून मी पाण्यात नेले. नऊ अंडी बोलली नाहीत. त्यांच्याजवळ मी दोन दिवस थांबले.

आता पुन्हा फाल्गुन आला आहे. तळे खोल झाले आहे, पाणी भरपूर आहे, आणि मी जड झाले आहे. परंतु तळ्याच्या तीन बाजूंना दगडी बांध बसवून झाला असून चौथ्या बाजूचे दगड उत्तरेच्या तटावर येऊन पडले आहेत. मी रोज पहाटे वर येते, नाकाने माती चाचपते आणि परत जाते. गेले पंधरा दिवस डाहीबेन दुपारभर त्या दगडांच्या ढिगावर बसून असे. "आधी बाळंतपण, मग तुमचे दगड," असे ती गवंड्यांना सांगे. काल ती आली नाही. तिला ताप आहे, असे घाटावर ऐकले. काल दुपारी गवंड्यांनी पहिली ओळ आखली.

आपण वाचक आहात, म्हणजे विचार करणारे आहात, म्हणून विनंती करते. वाटेत कोणी जनावर भेटले तर त्याला नवे घर देण्यापूर्वी, ते मागे कोणाला ठेवून आले आहे, याची चौकशी करावी. आणि हा तट, फार नव्हे, वीस हात, मातीचा राहू द्यावा.

आज सकाळी मी वर आले तेव्हा ढिगावर कोकिला बसलेली होती. आईच्या आजारपणासाठी ती आली आहे. डोक्यावर पदर नव्हता. गवंडी दोरी घेऊन आला, तेव्हा तिने त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितले, "दादा, ही दोरी गुंडाळा. हे माझं माहेर आहे. इथं मी कोणाच्या आडून बोलत नाही."

त्याने दोरी अजून गुंडाळलेली नाही. तो उभा आहे. कोकिलाही उठलेली नाही.

मी उकरण्यास प्रारंभ केला आहे.